संध्याकाळी अंगात किती उरतं? टूरिंग बाइकच्या फायद्यांविषयी

प्रश्न असा आहे : "मी खारघरला राहतो, वय ३८, ऑफिस ऐरोलीला. रोजच्यासाठी ११० सीसीची स्कूटर आहे, घरात एक छोटी कारही आहे. दोन वर्षांपासून टूरिंग बाइक, म्हणजे लांबच्या प्रवासासाठी बनवलेली गाडी, घ्यायचं डोक्यात घोळतंय. बायको म्हणते, अडीच लाखांची गाडी पार्किंगमध्ये धूळ खात पडेल, हौस आली की भाड्याने घ्या. स्वतःची टूरिंग बाइक असण्याचे खरंच काही फायदे आहेत, की नुसती मिरवायची वस्तू?"

वहिनींचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, हे आधी कबूल करतो. ठाण्यात खोपटला माझं गॅरेज आहे, एकवीस वर्षं झाली. दरवर्षी पाच-सहा गाड्या अशा येतात की दोन वर्षांत रनिंग तीन हजारही नाही. बॅटरी बसलेली, चेनवर गंज, टाकीत शिळं पेट्रोल, आणि मालक विचारतो, "चालवलीच नाही हो, मग बिघडली कशी?" न चालवल्यामुळेच बिघडली. तेव्हा गाडी धूळ खाणार असेल तर तिचे फायदे सांगण्यात अर्थ नाही. खाणार नसेल, तर मात्र सांगण्यासारखं बरंच आहे, आणि ते शोरूममधला पोरगा सांगतो त्यापेक्षा वेगळं आहे.

शोरूममध्ये तुम्हाला ताकद सांगतील, टॉप स्पीड सांगतील, रंगीत मीटर दाखवतील. मी गिऱ्हाइकाला एकच विचारतो : तीनशे किलोमीटर चालवून उतरल्यावर अंगात किती उरतं? टूरिंग बाइकची सगळी किंमत या उत्तरात आहे. ती तुम्हाला लवकर पोचवत नाही, धड पोचवते.

हे मला कळलं २००३ च्या डिसेंबरात. मी आणि माझा मावसभाऊ, शंभर सीसीची गाडी, ठाणे ते गणपतीपुळे. पाठीवर सॅक, सीटला रबरी दोरीने बांधलेली दुसरी पिशवी, ती दर तासाला एका बाजूला कलायची. पहाटे साडेपाचला निघालो, सूर्य मावळला तरी रस्त्यावरच. संगमेश्वर सोडल्यावर हाताच्या बोटांना मुंग्या आल्या होत्या आणि कंबर म्हणजे दुसऱ्याच कुणाची तरी आहे असं वाटत होतं. निवळी फाट्याच्या अलीकडे एका वळणावर समोरून ट्रक आला. डोळ्यांना दिसला, पण ब्रेक दाबायचं हाताला उशिरा कळलं. डाव्या बाजूच्या मातीत उतरलो, पडलो नाही, एवढंच. मुक्कामी चहाचा ग्लास दोन हातांनी धरावा लागला. भाऊ त्या दिवसापासून एसटीने जातो.

आता त्या दिवशी नेमकं काय चुकत होतं ते बघा. शंभर सीसीच्या गाडीत साधारण ८ हॉर्सपॉवर असतात. दोन माणसं आणि सामान घेऊन ती सत्तरने धावायला लागली की तिच्याकडे देण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. इंजिन सतत ओरडत असतं, त्याची थरथर फुटरेस्टमधून तळपायात आणि हँडलमधून तळहातात येते. ओव्हरटेक करायचा तर दोनशे मीटर आधी मनाची तयारी करावी लागते. चढाला तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून परत तिसऱ्यात, सारखं चालूच. ३५० सीसीच्या गाडीत हॉर्सपॉवर साधारण २० असतात. आकडा ऐकायला मोठा वाटत नाही, पण मुद्दा टॉर्कचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोराचा आहे, आणि तो कमी फेऱ्यांवरच मिळतो. तीच सत्तर तिच्यासाठी रमतगमत चालणं असतं. हात सुटे राहतात, कान शांत राहतात. डोकं शांत राहतं ते त्यामुळेच.

वाऱ्याचं गणित लोकांच्या लक्षात येत नाही. ताशी ६० वरून ९० वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण छातीवरचा वाऱ्याचा रेटा सव्वादोनपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. हा रेटा तुम्ही पाठीच्या आणि मानेच्या स्नायूंनी दिवसभर ढकलत असता. समोरची काच त्यातला मोठा भाग स्वतःवर घेते. मात्र काचेची उंची तुमच्या उंचीला जुळली नाही तर वारा नेमका हेल्मेटवर आदळतो आणि डोकं डमरूसारखं हलतं. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या तिघा-चौघांची काच उंचीला जुळत नसते, आणि ते समजत असतात की हेल्मेट खराब आहे.

बसण्याची ढब हा याच हिशेबातला पुढचा भाग. हँडल उंच, पाय गुडघ्यात फार न दुमडलेले, पाठ सरळ. स्पोर्ट बाइकवर वजन मनगटांवर येतं, क्रूझरवर (पाय पुढे टाकून बसायच्या गाडीवर) शेपटीच्या हाडावर, टूरिंग गाडीवर ते थोडं थोडं सगळीकडे वाटलं जातं. शिवाय खराब रस्ता आला की फुटरेस्टवर उभं राहून चालवता येतं, हे स्कूटरवाल्याला विचित्र वाटेल. दर तासाला दोन मिनिटं उभं राहून चालवलं तर कंबरेला जो आराम मिळतो तो मऊ सीटनेही मिळत नाही. उलट फार मऊ सीट फसवी असते. शोरूममध्ये सोफ्यासारखी वाटते आणि शंभर किलोमीटरनंतर तुम्ही फोम दाबून थेट पत्र्यावर बसलेले असता.

आपल्या भागात दुचाकीवाल्याची एक वेगळीच गंमत आहे. आपल्या अंगणातून भारी भारी रस्ते जातात, पण आपल्यासाठी नाहीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, तुमच्या घरापासून तो किती जवळ, पण दुचाकीला बंदी. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला, तिथेही बंदी. ईस्टर्न फ्रीवे बंद, कोस्टल रोड बंद. मग उरतं काय? कसारा, माळशेज, शिंग्रोबाचा घाट (म्हणजे बोरघाट), ताम्हिणी, पावसाळ्यात बंद होणारा वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आणि कोकणात उतरणारा आपला ६६ नंबरचा हायवे. म्हणजे वळणं, चढ, खड्डे, गुरं, एसट्या आणि अचानक लागणारं बाजाराचं गाव. या रस्त्यांवर दीडशेचा टॉप स्पीड कुठे लावणार? तो आकडा मीटरवर छापलेलाच राहतो. इथे उपयोगाला येतो तो तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवर पडलेली गाडी न कुरकुरता उचलणारा जोर, खड्डा गिळणारा शॉकअप आणि ओल्या वळणावर न बिचकणारा टायर. बंदीमुळे आपल्याला जे रस्ते उरले, ते टूरिंग बाइकचेच रस्ते आहेत. कारवाला एक्स्प्रेसवेने दोन तासांत पुण्याला जातो आणि वाटेत त्याला फूड मॉलशिवाय काही आठवत नाही. आपण खोपोलीत वडापाव खाऊन, घाटात शिंग्रोबाला हात जोडून, तासभर उशिरा पोचतो.

टोलचंही सांगून टाकतो, कारण लोक विचारतात. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही. २०२५ च्या जूनमध्ये टोल लागणार अशी बातमी फिरली होती, ती केंद्र सरकारनेच खोडून काढली. नाशिक किंवा कोल्हापूरला कार नेली की टोलचा आकडा पेट्रोलच्या खालोखाल येतो, इथे तो शून्य.

खड्ड्यांबद्दल जरा थांबून बोलतो, कारण गॅरेजमध्ये माझं अर्धं पोट त्यांच्यावर चालतं. स्कूटरचं चाक बारा-दहा इंचाचं. ताटाएवढ्या खड्ड्यात ते पूर्ण उतरतं आणि पुढच्या कडेवर आदळतं. अॅडव्हेंचर पद्धतीच्या टूरिंग गाडीचं पुढचं चाक बहुतेक १९ किंवा २१ इंचाचं असतं, ते त्याच खड्ड्यावरून निम्मंअधिक तरंगत जातं. वर शॉकअपची हालचाल. रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४५० मध्ये ती पुढेमागे २०० मिलिमीटर आहे, म्हणजे चाक जवळजवळ वीतभर वरखाली होऊ शकतं आणि ते तुमच्या मणक्यापर्यंत येत नाही. गणपतीच्या आधी कोलाड-माणगाव पट्टा ज्याने स्कूटरवर केला आहे त्याला या वीतभराची किंमत समजावून सांगायला नको.

इथे चाकांच्या जातीचा एक पेच आहे. अॅलॉय चाकात ट्यूबलेस टायर बसतो, खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते, आणि रस्त्याकडेला रबराची वात खोचून दहा मिनिटांत निघता येतं. पण मोठ्या खड्ड्याने अॅलॉयला चीर गेली तर रस्त्यात इलाज नाही. तारांचं चाक वाकतं, फुटत नाही, कुठल्याही तालुक्याच्या गावी सरळ करून मिळतं. पण त्यात साधारणपणे ट्यूब असते, आणि ट्यूब गेली की चाक खोलण्यावाचून गत्यंतर नाही. तारांचं असून ट्यूबलेस चाकही आता काही गाड्यांना मिळतं, महाग पडतं. तुमचं फिरणं कोकण-घाट-डांबर असणार, तर अॅलॉय आणि ट्यूबलेस घ्या. स्पिती-लडाखचं वेड असेल तर तारा. माझ्या स्वतःच्या गाडीला तारा आहेत आणि माणगावच्या पुढे भर पावसात ट्यूब बदलताना मी स्वतःला शिव्या घातलेल्या आहेत.

सामानाकडे येतो. दहा किलोची सॅक पाठीवर घेऊन आठ तास बसणं म्हणजे खांद्यांना शिक्षा. टूरिंग गाडीला मागे भक्कम कॅरिअर असतं, बाजूला पेट्या किंवा झोळ्या लावायची सोय असते, गाडीचा सांगाडा तो भार धरूनच बनवलेला असतो. तुमचे खांदे मोकळे. पण लोक काय करतात, सगळं जड सामान मागच्या वरच्या पेटीत कोंबतात, कारण ती कुलूपबंद आणि सोयीची. मग ऐंशीच्या पुढे हँडल थरथरायला लागतं आणि मला फोन येतो, "बॉलरेसर गेला वाटतं." बॉलरेसर, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग, ठणठणीत असतो. मागच्या चाकाच्याही मागे, उंचावर वीस किलो टांगले की पुढचं चाक हलकं होतं, तो त्याचा हिशेब आहे. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, पाणी, कुलूप, खाली आणि जितकं पुढे येईल तितकं पुढे. वरच्या पेटीत फक्त रेनकोट, टॉवेल, कपडे.

पेट्रोलची टाकी १५ ते १७ लिटर आणि तीसच्या आसपास अॅव्हरेज, म्हणजे एका टाकीत चारशेच्या पुढे. खरं सांगायचं तर कोकणात किंवा नाशिककडे याचा फार फायदा नाही, पंप जागोजागी आहेत. हिमाचलात मनालीकडून लेहला जाताना तांडीच्या पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' अशी प्रसिद्ध पाटी होती, तिथे टाकीचा अर्थ कळतो. पाच लिटरच्या टाकीवाल्याला तिथे कॅन बांधून न्यावे लागतात.

लडाखचं नाव निघालंच आहे तर स्वतःची गाडी विरुद्ध भाड्याची गाडी हा वहिनींचा मुद्दा इथेच घेतो. लेहमधल्या स्थानिक गाडीवाल्यांच्या संघटना बाहेरून भाड्याने आणलेल्या बाइक पँगाँग किंवा नुब्राकडे जाऊ देत नाहीत. तुम्ही मनालीहून भाड्याची काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची गाडी घेऊन गेलात, तर लेहमध्ये ती उभी करून तिथली दुसरी घ्यावी लागते. तुमच्या नावावर आरसी असेल तर ही कटकट नाही. गाडी एवढ्या लांब चालवत न्यायची नसेल तर कल्याण किंवा कुर्ल्याच्या टर्मिनसवरून रेल्वेच्या पार्सलने दिल्ली-चंडीगढपर्यंत पाठवता येते. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, गोणपाटात बांधून द्यावी लागते, आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागतं. आरसे आधीच काढून सॅकमध्ये घाला, नाहीतर ते फुटलेले मिळतील.

एकदा लेहमध्ये मीही भाड्याचीच घेतली होती. दिसायला चकचकीत. खारदुंग ला चढून उतरायला लागलो आणि पुढच्या डिस्कमधून किर्र आवाज. पॅड इतके झिजले होते की लोखंड डिस्कला घासत होतं. मेकॅनिक असूनही मी निघण्याआधी वाकून बघितलं नाही, ती चूक माझीच. पण स्वतःच्या गाडीत अशी चूक होतच नाही, कारण तिचे पॅड कधी बदलले ते डोक्यात असतं. उतार सगळा पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या ब्रेकवर काढला. त्या उंचीवर, म्हणजे ५,३५९ मीटरवर, हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. माणूस आणि इंजिन दोघांनाही धाप लागते. कार्बोरेटरच्या काळात वर गेल्यावर जेट बदलायचे, स्क्रू फिरवायचे असे उद्योग असायचे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे प्रदूषणाचे नियम आले आणि फ्युएल इंजेक्शन जवळजवळ सगळीकडे झालं, आता गाडी हवा-पेट्रोलचं माप स्वतःच जुळवते. माणसाचं माप मात्र अजून दोन दिवस लेहला नुसतं बसूनच जुळवावं लागतं.

स्वतःची गाडी असण्याचा मला सगळ्यात मोठा वाटणारा फायदा वेगळाच आहे, आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात नसतो. तिचा आवाज कानात बसलेला असतो. एका पावसाळ्यात माळशेजला जाताना टोकावड्याच्या पुढे मला मागून एक बारीक टक्-टक् ऐकू आली. बरोबरच्या तिघांना काहीच ऐकू आलं नाही. घाट चढून ओतूरला गाडी स्टँडवर लावली आणि मागचं चाक धरून हलवलं, तर बेअरिंगला किंचित खेळ. तिथल्या मिस्त्रीने पाऊण तासात बदलून दिलं. तसंच रेटलं असतं तर नगरच्या पुढे कुठेतरी चाक जाम झालं असतं. भाड्याच्या गाडीत सगळेच आवाज नवे असतात, मग त्यातला वाईट कोणता हे कसं ओळखणार? क्लच कुठे सुटतो, मागचा ब्रेक किती दाबला की चाक घसरायला लागतं, रिझर्व्हवर खरे किती किलोमीटर जातात, हे अंगवळणी पडायला दोन-तीन हजार किलोमीटर लागतात. भाड्याची गाडी तुम्ही दोनशेव्या किलोमीटरला परत करता.

आणखी एक, जो वहिनींना सांगायला हरकत नाही : सहल ठरवावी लागत नाही. शनिवारी रात्री अकराला वाटलं, सकाळी निघालो, असं होतं. भाड्याच्या गाडीला आधी बुकिंग, डिपॉझिट, परत करायची वेळ, आणि पेट्रोल किती होतं यावरचा वाद. समुद्राच्या कडेने कोकण करायचं म्हणजे तर वेळेचं बंधन नकोच. रेवदंडा-मुरूड करत आगरदांड्याला यायचं, फेरीबोटीने दिघीला उतरायचं, श्रीवर्धन-हरिहरेश्वर, बागमांडल्याहून बोटीने वेश्वी, तिथून केळशी-आंजर्ले-दापोली, दाभोळहून बोटीने धोपावे, गुहागर, मग तवसाळहून जयगड, आणि पुढे मालगुंड-गणपतीपुळे. चार खाड्या, चार बोटी. कारवाल्यांची रांग लागलेली असते आणि बोटवाला बाइकला हात करून दोन गाड्यांच्या फटीत घालतो. एक बोट चुकली तर पुढचीची वाट बघत जेट्टीवर बसायचं. घड्याळ लावून परत द्यायच्या गाडीवर हा रस्ता करू नये.

आता दुसरी बाजू, कारण फायदेच सांगितले तर मी विक्रेता झालो.

ऐरोलीच्या ऑफिसला रोज ही गाडी नेऊ नका. १९०-२०० किलो वजन, तुमच्या स्कूटरच्या जवळजवळ दुप्पट. महापे-शिळफाट्याच्या किंवा कळव्याच्या तुंबलेल्या गर्दीत डावा हात क्लच दाबून दाबून भरून येतो, इंजिनची धग मांड्यांना लागते. जी गाडी मोकळ्या रस्त्यावर थकवा वाचवते तीच गर्दीत थकवा देते. स्कूटर विकू नका. आठवड्यातून एखाद्या दिवशी, लवकर निघून, ठाणे-बेलापूर रस्त्याने न्या, म्हणजे बॅटरी जिवंत राहील आणि चेन गंजणार नाही.

खर्च मोठा असतो, आणि तो गाडी घेतल्यावरही चालू राहतो. दर पाचशे किलोमीटरला चेन पुसून तेल, पावसात तर त्याच्याही आधी. टायर बारा-पंधरा हजार किलोमीटरांत जातात, आणि मोठ्या गाडीचा टायर स्कूटरच्या टायरच्या भावात मिळत नाही. विम्याचं बघा : २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे १५० ते ३५० सीसीला वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता १,३६६ रुपये, ३५० च्या वर गेलात की २,८०४. करातही तीच रेघ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के, त्याहून मोठ्या गाडीला ४० टक्के. ही ३५० ची रेघ पैशाच्या हिशेबात फार जाड आहे. तुमचं बजेट अडीच लाखांचं आणि फिरणं महाराष्ट्रातलं, तर रेघेच्या आतच राहा. माझ्या सांगण्यावरून पाच-सात जणांनी मोठी घ्यायची सोडून ३५० घेतली, एकाचीही तक्रार आलेली नाही. मोठी घेऊन परत लहान घेणारे मात्र तिघे आहेत.

आणि अडीच लाख म्हणजे सगळे गाडीतच घालू नका. पंचवीस-तीस हजार हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट यांच्यासाठी बाजूला काढा. सायलेन्सर बदलायचा मोह आवरा. आवाजाने थकवा वाढतो आणि नाक्यावर पोलीसही थांबवतो. फॉग लाइट, मोबाइल होल्डर वगैरे सहा महिन्यांनी, आधी गाडी चालवून बघा की लागतंय काय.

पसंत करताना सीटची उंची बघा. हिमालयन ४५० ची ८२५ मिलिमीटर आहे, त्याच कंपनीच्या मिटिऑर ३५० ची ७६५. सहा सेंटिमीटर कागदावर काहीच नाहीत, पण उतारावर, सामान लादलेलं असताना, एका पायाचा फक्त अंगठा टेकत असेल तर गाडी कलली की कललीच. डोंबिवलीच्या एक शिक्षिका माझ्या गिऱ्हाईक आहेत, उंची पाच फूट एक. नवऱ्याने हौसेने उंच गाडी घेतली होती, त्या तिला हात लावत नव्हत्या. बुटकी ३५० आल्यापासून भंडारदरा, वाई, दिवेआगर सगळं त्याच करतात आणि नवरा मागे बसतो.

मागे बसणाऱ्याचं मुद्दाम काढतोय, कारण तुमच्या प्रश्नात वहिनी आहेत पण गाडीवर नाहीत. टूरिंग बाइकचा सगळ्यात दुर्लक्षित फायदा मागच्या सीटवर असतो. रुंद सीट, पाठीला टेकायला पेटी, पाय फार न दुमडता ठेवता येणारे फुटरेस्ट. स्पोर्ट बाइकची मागची सीट म्हणजे पाट असतो, त्यावर बसून कोणी पुन्हा यायला राजी होत नाही, आणि मग गाडी धूळ खाते. गाडी धूळ का खाते याचं माझ्या बघण्यातलं पहिलं कारण हेच : घरातल्या दुसऱ्या माणसाला तिच्यावर बसवत नाही. म्हणून टेस्ट राइडला एकटे जाऊ नका. वहिनींना मागे बसवा, आणि शोरूमच्या गल्लीतली फेरी नको, निदान अर्धा तास मागून घ्या. उतरल्यावर गुडघ्यांचं काय म्हणणं आहे ते त्यांना विचारा. त्यांचं मत तुमच्या मतापेक्षा कामाचं ठरेल.

त्याआधी एक करा. येत्या रविवारी तुमची स्कूटर घेऊन खारघरहून माळशेजला जाऊन या, कल्याण-मुरबाड मार्गे. संध्याकाळी घरी आल्यावर लिफ्ट सोडून जिन्याने वर जा आणि अंग काय सांगतं ते बघा. पंधरा दिवसांनी तोच रस्ता भाड्याच्या ३५० वर. इथे भाड्याची गाडी घ्यायला माझी पूर्ण संमती आहे, निघताना पॅड मात्र वाकून बघा. दोन्ही वेळा जिना सारखाच वाटला, तर अडीच लाख बँकेत राहू द्या. दुसऱ्या वेळी वाटेत टोकावड्याला चहा पिताना "अजून पुढे जुन्नरपर्यंत जाऊ का" असं मनात आलं, तर शोरूमला जायच्या आधी सोसायटीचा पार्किंगचा उतार एकदा नीट पाहून घ्या. दोनशे किलोची गाडी त्यावरून मागे ढकलत वर घ्यायची आहे, आणि रविवारी पहाटे पाचला मदतीला वॉचमनशिवाय कोणी नसतं.